ड्रॉइंगवरून घरच्या घरी एका माणसाचं हेलिकॉप्टर: कुणी केलंय का?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं लहानसं टूलरूम आहे. दिवसा पंपाचे शाफ्ट, पुल्या, बुशिंग असली कामं, आणि संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की माझी स्वतःची. बरीच वर्षं डोक्यात एकच भुंगा आहे: एका माणसाचं, अल्ट्रालाइट म्हणतात तसलं हेलिकॉप्टर ड्रॉइंगवरून स्वतः बनवायचं.

ड्रॉइंग हाती आलीत. अ‍ॅडम्स-विल्सन हॉबीकॉप्टर. १९५०च्या दशकाच्या अखेरीचं अमेरिकन डिझाइन. उघडी पाइपांची फ्रेम, दोन पात्यांचा रोटर, ट्रायम्फ मोटरसायकलचं ६५० सीसी इंजिन, साधारण ४० अश्वशक्तीचं. घरी बनवणाऱ्यांसाठीच ही ड्रॉइंग विकली जायची. सगळी मापं इंचात, बऱ्याच ठिकाणी टॉलरन्स दिलेलाच नाही, काही शीट तर झेरॉक्सची झेरॉक्स.

मशिनिंगची भीती नाही. बाकी तीन ठिकाणी अडतोय. ट्रायम्फ तर मिळणार नाही, मग इंजिन कुठलं? ड्रॉइंगमधल्या पातळ क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टील) पाइपऐवजी इथे मिळणारा जाड पाइप चालेल का? आणि पाती घरी करावीत की आणावीत? चेष्टा करायची तर करा, पण आधी उत्तर द्या.

गच्चीवरचा_कावळा

पार्किंग कुठे करणार ते आधी सांगा. रंकाळ्याच्या कडेला भेळवाल्यांच्या ओळीत जागा मिळाली तर माझी एक प्लेट धरून ठेवा.

चेष्टा संपली. खुर्ची ओढून बसलोय, धागा पळू द्या.

पुसदकर

उद्यमनगरी, तुमच्या हौसेवर पाणी टाकायचं नाही, पण आमच्या भागात या विषयावर कुणी हसत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत ऑगस्ट २०२१ मध्ये एका तरुण वेल्डरनं स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेतली. मारुती ८००चं इंजिन होतं. मागच्या छोट्या रोटरचं पातं तुटलं, ते मुख्य रोटरवर आपटलं, आणि मुख्य रोटरचं पातं त्यालाच लागलं. वय जेमतेम चोवीस. शिक्षण आठवीपर्यंत, पण हात असा की पत्र्याला बोलतं करील.

ते उडालंच नव्हतं, हे लक्षात घ्या. जमिनीवर उभं होतं.

उद्यमनगरी

पुसदकर, तो व्हिडिओ मी पाहिलाय. अर्ध्यातच बंद केला. धागा काढायला इतके दिवस लागले ते त्यामुळेच. लोक म्हणतात "यूट्यूब बघून केलं, मेला." मला ते पटत नाही. पातं तुटलं तर का तुटलं, हे कुणी विचारत नाही. वेल्ड सुटला? भोकापाशी तडा गेला? बॅलन्स नव्हता? माझ्यासारख्याला ते कळलं पाहिजे.

निवृत्त_हवालदार

तिथं नेमकं काय झालं ते त्या तुकड्यांची तपासणी केलेला माणूसच सांगेल, आपण अंदाज करू नये. पण पातं कशानं तुटतं हे मी सांगू शकतो. नोकरी सगळी आर्मी एव्हिएशनमध्ये गेली, चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांच्या मेन्टेनन्सवर, त्यातला मोठा काळ नाशिकला.

फिरणारा भाग एका दणक्यानं क्वचित तुटतो. तो थकून तुटतो. हेलिकॉप्टर पुढे जात असताना पातं प्रत्येक फेऱ्यात एकदा वाऱ्याकडे जातं, एकदा वाऱ्याबरोबर मागे येतं, म्हणजे दर फेऱ्याला ते एकदा वाकतं आणि सरळ होतं. लहान मशिनचा मुख्य रोटर मिनिटाला ५४० फेरे धरला तर तासाला ३२,४०० वेळा. शेपटीचा रोटर त्याच्या चार-पाचपट वेगानं फिरतो, तो तासाभरात दीड लाखाच्या घरात जातो. जमिनीवर उभ्या मशिनलाही वारा असतोच, आणि बॅलन्स नसेल तर तो वेगळा मार. ॲल्युमिनियमची आणखी खोड अशी की ताण कितीही कमी ठेवा, पुरेशा फेऱ्यांनंतर तडा जाऊ शकतो. स्टीलला निदान एक मर्यादा असते, तिच्या खाली ते बराच काळ टिकतं.

म्हणून आमच्याकडे पात्याला, हबला (पाती मध्ये जिथे जोडतात तो भाग), पिनेला, प्रत्येकाला तास ठरलेले. लॉगकार्डावर तास भरले की भाग उतरला. डोळ्याला नवा दिसतोय, चकाकतोय, काही ऐकायचं नाही. तुम्ही ड्रॉइंगवरून बनवलेल्या भागाचे तास कोण ठरवणार, हा माझा पहिला प्रश्न. पाइप आणि इंजिन नंतर बघू.

उद्यमनगरी

काका, हे एकदम डोक्यात बसलं. पंपाचा शाफ्ट तुटून आला की नव्वद टक्के वेळा कीवेच्या, म्हणजे की बसवायच्या खाचेच्या, कोपऱ्यातूनच तुटलेला असतो. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा दिसतात आणि शेवटचा थोडा भाग खडबडीत. गिऱ्हाईक म्हणतं मटेरियल खराब. मटेरियल चांगलंच असतं, कोपरा धारदार ठेवलेला असतो.

रेवती_नि

त्या रेघा म्हणजे थकव्याच्या तड्याच्या प्रवासाच्या खुणा. तुम्ही रोज तेच पाहताय, म्हणजे या विषयाचं निम्मं शिक्षण झालेलं आहे.

मी एअरोस्पेसवाली आहे, पुण्यात. इंजिनाच्या प्रश्नाला हात घालते. आकडे कागदावर करून बघा, व्यास तुमच्या ड्रॉइंगमधला टाका. मी साडेपाच मीटर धरलाय.

मशिन ११५ किलो, तुम्ही कपड्या-हेल्मेटसह ऐंशीच्या पुढे, पेट्रोल आणि किरकोळ धरून एकूण २२० किलो. रोटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण २३.८ चौरस मीटर. एवढं वजन हवेत एका जागी धरायला त्या वर्तुळातून हवा खाली ढकलावी लागते. समुद्रसपाटीला तिचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या थोडा वर येतो, आणि त्याला आदर्श स्थितीत साडेसतरा अश्वशक्ती लागते. आदर्श रोटर कुणाकडेच नसतो. घरगुती पात्यांची कार्यक्षमता ६० टक्के मिळाली तरी नशीब. म्हणजे २९-३०. शेपटीचा रोटर आणि बेल्ट-गिअरमधलं नुकसान मिळून आणखी पाच. झाले ३५. तुमचं इंजिन ४०चं. काठावर का होईना, उचललं.

आता कोल्हापूर. उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, एप्रिल-मेची दुपार, पारा ३८. हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाणित घनतेच्या साधारण ८७ टक्के उरते. इंजिनाला तेवढीच कमी हवा मिळते, ४०चे होतात पावणेपस्तीस. आणि विरळ हवेत लागणारी ताकद वाढते, ३५चे होतात साडेसदतीसच्या आसपास. मशिन जमिनीवरच धुरळा उडवत बसेल.

दुसऱ्या शब्दांत, त्या दुपारी तुमच्या रोटरच्या लेखी कोल्हापूर दीड हजार मीटरवर आहे. पन्हाळा सोडाच, महाबळेश्वरही खाली राहिलं.

गच्चीवरचा_कावळा

म्हणजे मे महिन्यात न हलता, फुकट महाबळेश्वर. ट्रॅव्हल कंपन्यांना कळू देऊ नका.

उद्यमनगरी

ताई, आकडेमोड वहीत उतरवली. पटलं. मारुतीचं इंजिनही चाळीसच्या जवळपासच आहे आणि रेडिएटर, पाणी, गिअरबॉक्सचं कवच धरून वजन भरपूर. म्हणजे पाइप जाड घेणंही संपलं. ०.०४९ इंचाचा पाइप ड्रॉइंगमध्ये आहे, सव्वा मिलिमीटर. इथे सहज मिळतो तो दोन मिलिमीटरचा. सगळ्या फ्रेमचं वजन दीडपटीच्या वर जातंय.

रेवती_नि

बरोबर. आणि जाड म्हणजे मजबूत हा आपल्या फॅब्रिकेशनमधला समज इथे उलटा फिरतो. वजन वाढलं की पाती जास्त कोनात चालवावी लागतात, ताण वाढतो, मग पुन्हा जाड करावंसं वाटतं. कुठेतरी ही साखळी तोडावी लागते, आणि ती पहिल्याच पाइपला तोडायची.

विस्कॉन्सिनकर

उशिरा आलो, पण लिहितो. मी ऑश्कॉशपासून गाडीनं जाण्याच्या अंतरावर राहतो, त्यामुळे जुलैअखेर भरणाऱ्या घरगुती विमानांच्या जत्रेला हजेरी असते. तिथे अल्ट्रालाइटवाल्यांची धावपट्टी वेगळी आहे आणि छोटी हेलिकॉप्टरंही दिसतात. धाग्यात "अल्ट्रालाइट" शब्द आलाय म्हणून इथला हिशेब सांगतो.

अमेरिकेत १९८२ पासून नियम १०३ आहे. एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत (म्हणजे ११५ किलो), पेट्रोल ५ गॅलन, १९ लिटर समजा, सरळ उड्डाणात वेग ५५ नॉट, ताशी १०२ किलोमीटरच्या आत. एवढ्यात बसलात तर यंत्राची नोंदणी नाही, चालकाला परवाना नाही. दिवसाच उडायचं, आणि वस्तीवरून, गर्दीवरून नाही. पडलात तर बहुधा तुम्हीच पडाल, एवढा विचार त्यामागे आहे.

या वजनात खरं हेलिकॉप्टर बसवणं महाकठीण. ते ज्यांना जमलं त्यांतलं सगळ्यांत माहितीचं म्हणजे मॉस्किटो. कॅनडाच्या जॉन अपटिग्रोव्ह यांचं डिझाइन, सध्या फ्लोरिडात त्याचे किट तयार होतात. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, साठेक अश्वशक्ती. रेवतींच्या गणितातले ४० आणि हे ६०, यातला फरक म्हणजे जीव.

एक लक्षात घ्या. किट आणि ड्रॉइंग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किट घेणारा पाती बनवत नाही, गिअरबॉक्स बनवत नाही. ते कारखान्यातून तयार येतं. तो जोडतो, रिव्हेट मारतो, वायरिंग करतो, रंग देतो. ऑश्कॉशला ज्यांच्याशी बोललो त्या हेलिकॉप्टरवाल्यांत पाती स्वतः केलेला एकही भेटला नाही. विमानवाले भेटतात, लाकडाचे पंख गॅरेजमध्ये केलेले कितीतरी.

कोथरूडची_मृणाल

मग सरळ प्रश्न विचारते. अनुभवी लोक, परदेशी किट, सगळं असलं की सुरक्षित का? फुलसावंगीच्या मुलाला आपण "अडाणी" ठरवतोय असा सूर वाटतोय मला या धाग्यात.

विस्कॉन्सिनकर

नाही हो, आणि म्हणूनच हे सांगायला हवं. घरगुती हेलिकॉप्टरांच्या जगात बी. जे. श्रॅम यांच्याइतका अनुभव फार थोड्यांना होता. रोटरवे कंपनी त्यांची. स्कॉर्पियन, मग एक्झेक, दोन पिढ्यांनी त्यांची किट जोडली. पुढे त्यांनी हेलिसायकल नावाचं एका आसनाचं हेलिकॉप्टर काढलं आणि २००४ मध्ये तेच उडवताना ते गेले. ज्ञान धोका कमी करतं, शून्य करत नाही.

निवृत्त_हवालदार

मृणालताईंचा मुद्दा रास्त आहे. तो पोरगा माझ्या हाताखाली असता तर मी त्याला पहिल्या दर्जाचा फिटर केला असता. त्याला लॉगकार्ड दाखवणारा कुणी भेटला नाही, एवढंच म्हणतो.

आता पात्यांबद्दल, कारण उद्यमनगरींचा तो प्रश्न राहिलाय. पाच किलोचं पातं धरा, त्याचा गुरुत्वमध्य मस्तूलापासून (रोटरचा उभा दांडा) १.४ मीटरवर, ५४० फेरे. ते पातं हबमधून बाहेर निघायला किती जोर लावतं, रेवतीताई?

रेवती_नि

साधारण २२,४०० न्यूटन. सव्वादोन टनांच्या वर. एका पात्याला. टोकाचा वेग सेकंदाला १५५ मीटर, ताशी ५६० किलोमीटरच्या आसपास.

निवृत्त_हवालदार

सव्वादोन टन. दोन-चार बोल्टांवर. यातच पातं वर-खाली लवतंय, कोन बदलतंय, इंजिनाचे झटके खातंय. बाजारातला "हाय टेन्साइल" बोल्ट इथे लावायचा नाही. डोक्यावर ग्रेड छापलेला असतो म्हणून तो ग्रेड आत असतोच असं नाही.

दुसरं, वजन फक्त लांबीच्या दिशेनं जुळवून भागत नाही. पात्याच्या रुंदीतही गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून पाव अंतरावर किंवा त्याच्या पुढे हवा. मागे सरकला तर पातं एका ठराविक वेगाला फडफडायला लागतं, त्याला फ्लटर म्हणतात, आणि ते सुरू झालं की थांबवायला वेळ मिळत नाही. म्हणून चांगल्या पात्याच्या नाकात वजनदार पट्टी असते. घरी बनवणारे बाहेरून आकार हुबेहूब काढतात आणि नाकातली पट्टी विसरतात, कारण ती बाहेरून दिसत नाही.

मग ट्रॅकिंग. दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का ते बघायचं. जुनी पद्धत अशी की टोकांना वेगवेगळ्या रंगाचा खडू लावायचा आणि लांब काठीवर कापडाची पट्टी ताणून फिरत्या पात्यांच्या टोकाशी हळूच न्यायची. दोन खुणा एकावर एक पडल्या तर ठीक, वर-खाली पडल्या तर पात्याचा कोन ठरवणारी दांडी, पिच लिंक, फिरवायची. हे काम पोटात गोळा आणणारं आहे. एकट्यानं, यूट्यूब बघून, घराच्या अंगणात करायचं नाही. अजिबात नाही.

कायदेकानू

वकिलाची बाजू थोडक्यात. विस्कॉन्सिनकरांनी सांगितलेली १०३ सारखी मोकळीक भारतात नाही. माणूस घेऊन उडणाऱ्या हेलिकॉप्टरला नोंदणी आणि डीजीसीएची (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी लागते, मग ते घरी बनवलेलं असो की फ्रान्सहून आलेलं. १९३४चा विमान कायदा गेला, १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे, पण "माझं शेत, माझं मशिन" हा बचाव तेव्हाही नव्हता, आताही नाही.

अशक्य आहे असं मात्र नाही. कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. मूळचे साताऱ्याकडचे, व्यवसायानं वैमानिक. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते ठेवलं, २०१७ मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली, आणि चाचणी उड्डाणाची परवानगी यायला २०१९ उजाडलं. यातले वर्षांचे आकडे पुन्हा वाचा. विमान बांधण्याइतकाच कागद बांधायलाही दम लागतो.

गच्चीवरचा_कावळा

माझ्या गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला सोसायटीची परवानगी मिळेना. साष्टांग दंडवत त्या माणसाला.

सांगलीचा_सुताळ

सगळे घाबरवताय नुसते. सिकॉर्स्कीनं काय डीजीसीएला विचारून केलं होतं? धाडस केल्याशिवाय काही होत नाही. भाऊ, तुम्ही करा. लागल्यास पाइप मी देतो, आमचं दुकान आहे.

रेवती_नि

सिकॉर्स्कीचं नाव काढलंत तर पूर्ण गोष्ट घ्या. व्हीएस-३०० पहिल्यांदा जमिनीवरून उठलं ते १४ सप्टेंबर १९३९ला, आणि उठलं ते जमिनीला बांधलेलं. मोकळं उड्डाण १३ मे १९४०ला. मधले आठ महिने तो धाडस करत नव्हता, नियंत्रणाची रचना बदलत होता. आणि त्याच्यामागे विमानांचा आख्खा कारखाना उभा होता.

निवृत्त_हवालदार

त्यात भर. बांधून ठेवणं हाही सोपा उपाय समजू नका. एका बाजूची दोरी आधी ताणली गेली की मशिन त्या दोरीभोवती कलंडतं, आणि पायलट घाबरून वर ओढायला गेला की आणखी जोरात कलंडतं. बांधायचं कसं याचंही शास्त्र आहे.

उद्यमनगरी

सुताळ भाऊ, पाइपाबद्दल आभार, पण तो दोन मिलिमीटरवालाच असणार.

एक विचारू का? सगळे बांधणीवर बोलताय. समजा मशिन शंभर टक्के बरोबर झालं. उडवायला कितपत अवघड? मी चाळीस वर्षांचा आहे, ट्रॅक्टरपासून क्रेनपर्यंत सगळं चालवलंय.

विस्कॉन्सिनकर

इथे १०३ मध्ये परवाना लागत नाही, तरीही मॉस्किटो घेणारे शहाणे लोक आधी दोन आसनी हेलिकॉप्टरवर शिक्षकाबरोबर तास घालतात. कारण एका आसनाच्या मशिनमध्ये शिक्षक बसायला जागाच नाही. डाव्या हातात कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) आणि थ्रॉटल, उजव्या हातात सायक्लिक (मशिन पुढे-मागे-बाजूला कलवणारा दांडा), पायात शेपटीच्या रोटरचं पेडल. एक हलवलं की उरलेली दोन्ही हलवावी लागतात. हवेत एका जागी उभं राहणं, जे बाहेरून सगळ्यांत सोपं दिसतं, तेच नवशिक्याला सगळ्यांत शेवटी जमतं.

रेवती_नि

आणि इंजिन बंद पडलं तर ऑटोरोटेशन. कलेक्टिव्ह ताबडतोब खाली, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत राहतो आणि जमिनीजवळ ती साठवलेली ऊर्जा वापरून उतरायचं. "ताबडतोब" म्हणजे किती ते बघा. हवालदारकाकांच्या पाच-पाच किलोच्या दोन पात्यांत साठलेली ऊर्जा घेऊन हिशेब केला. हवेत स्थिर असताना इंजिन गेलं आणि हात हलला नाही, तर रोटरचे फेरे ८० टक्क्यांवर यायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. हलकी पाती लवकर थकतात, म्हणून काही डिझाइनर मुद्दाम टोकाला वजन घालतात. टोकाला वजन घातलं की हबवरची ओढ वाढते. म्हणजे परत तुमचे ते सव्वादोन टन.

टू-स्ट्रोक इंजिनं वजनाला सुंदर, पण गरम होऊन पिस्टन धरला की पूर्वसूचना फारशी मिळत नाही. पाऊण सेकंद आणि टू-स्ट्रोक हे दोन शब्द शेजारी लिहून भिंतीवर लावा.

कोथरूडची_मृणाल

गायरोकॉप्टर का नाही? त्यातला रोटर वाऱ्यानेच फिरतो ना, म्हणजे ऑटोरोटेशन आपोआपच चालू?

विस्कॉन्सिनकर

अगदी. इगोर बेन्सन यांनी पन्नासच्या दशकात गायरोकॉप्टरची ड्रॉइंग विकायला सुरुवात केली आणि हजारो लोकांनी ती मागवली. मागे ढकलणारा पंखा, वर मोकळा फिरणारा रोटर. शेपटीचा रोटर नाही, मुख्य गिअरबॉक्स नाही, कलेक्टिव्ह नाही. उद्यमनगरींना त्रास देणारे निम्मे भागच गायब. हवेत उभं राहता येत नाही, उतरायला-चढायला थोडी पट्टी लागते.

पण त्यालाही सुरक्षित खेळणं समजू नका. पंख्याच्या ढकलण्याची रेघ मशिनच्या गुरुत्वमध्याच्या वर गेली, आणि हवेच्या झोतात किंवा दांडा चुकीचा हलवल्यानं रोटरवरचा भार क्षणभर हलका झाला, तर मशिन नाकावर पालथं पडतं. जुन्या डिझाइनमध्ये यात बरेच लोक गेले. नंतरच्या डिझाइनांत आसन वर घेतलं, मागे मोठी आडवी शेपटी दिली.

उद्यमनगरी

मंडळी, धागा दोनदा वाचला. घरी बायकोलाही वाचायला दिला. तिनं फुलसावंगीचा प्रतिसाद वाचून मोबाइल परत दिला आणि काही बोलली नाही, मग थोड्या वेळानं म्हणाली, "बनवा, पण बसायची खुर्ची बनवू नका."

बराच विचार केला आणि मला ते पटलं. गायरो मला नको, उगाच खोटं कशाला बोलू. मला उडण्यापेक्षा तो हब, स्वॉशप्लेट (दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारी तबकडी), ती यंत्रणा हातानं करायची खाज आहे. तर असं ठरवलंय: पूर्ण मापाचा रोटर हेड आणि शेपटीची ड्राइव्ह बनवायची, पण जमिनीत गाडलेल्या चौथऱ्यावर. माणूस बसणार नाही. पाती आधी आखूड, जोर तपासायला. काका, ताई, हे तरी बरोबर ना?

निवृत्त_हवालदार

आता बोललात. मग नियम ऐका. रोटरच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही, शंभर मीटरवरसुद्धा. तुटलेलं पातं त्याच पातळीत जातं. चौथरा खड्ड्यात घ्या, रोटर जमिनीच्या पातळीखाली राहील असा, भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत. थ्रॉटल लांबून, केबलवर. इंजिन बंद करायची कळ वेगळी, दुसऱ्या माणसाच्या हातात, आणि तो माणूस तुमचा मित्र नको. मित्र "अजून थोडं" म्हणतो. प्रत्येक रनचा वेळ आणि फेरे वहीत. ती वही म्हणजे तुमचं लॉगकार्ड.

गावात नको. एमआयडीसीच्या कोपऱ्यातला रिकामा प्लॉटही नको, तिथे पोरं येतात. माळरान बघा आणि आधी पोलीस पाटलांना कळवा.

रेवती_नि

हबची स्थिर ओढ-चाचणी आधी घ्या. कामकाजातल्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट. विमान क्षेत्रातला तो प्रघातच आहे. तुमच्या जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात यूटीएम, म्हणजे ओढून ताकद तपासायचं मशिन असतं, विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून विचारलंत तर प्राध्यापक आनंदानं करून देतील. पण दीडपट ओढ सहन केली म्हणजे थकव्यात टिकेल असं नाही, ही वेगळी परीक्षा आहे. त्यासाठी दर काही तासांनी सगळे भाग सोडवून डीपी टेस्ट, म्हणजे रंग झिरपवून तडे शोधणं.

उद्यमनगरी

डीपी आमच्याकडे कास्टिंगला नेहमी करतो. लाल रंग, पुसणं, पांढरा डेव्हलपर. जमेल.

शेवटचं एक विचारतो. ड्रॉइंगमध्ये शेपटीच्या शाफ्टला पुली बसवायला एंडमिलची कीवे दाखवलीय, दोन्ही टोकं सरळ उभी. मला ते बघूनच हात आखडतात.

रेवती_नि

हात आखडले ते बरोबरच. एंडमिलनं काढलेल्या कीवेच्या टोकाशी ताण दुपटीच्या घरात जातो, तळाचा कोपरा धारदार राहिला तर आणखी. कीवे ठेवायचीच असेल तर साइड कटरनं काढा, म्हणजे टोकाला तळ हळूहळू वर येतो. तळाच्या कोपऱ्याला टूलवरच त्रिज्या द्या आणि कीच्या कडा त्यापेक्षा जास्त मोडा. त्याहून बरं म्हणजे कीवे काढूनच टाका. शाफ्टला टेपर द्या किंवा फटीचा क्लॅम्प बुश वापरा, पकड सगळीकडून सारखी बसते. आणि जिथे व्यास बदलतो तिथे पायरीला मोठी त्रिज्या, टूलच्या रेघा एमरीनं शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं काढा. आडव्या नकोत.

उद्यमनगरी

टेपर करतो. एकास दहाचा, पंपाच्या कपलिंगला आमच्याकडे तोच असतो, रिंग गेज तयार आहे. ब्ल्यूनं (निळा रंग लावून) बसवून संपर्काचा फोटो इथे टाकतो. ८० टक्क्यांच्या खाली दिसला तर सांगा, परत घासतो.

निवृत्त_हवालदार

फोटो टाका. आणि नटाला स्प्लिट पिन, नायलॉक नको, शाफ्ट गरम होतो.